पंचवीस स्लाइड्सची पेटी : खोड आणि मुळाच्या अंतर्रचनेचा विकतचा संच वापरून पाहताना

सांगलीत विश्रामबागेतील माझ्या घरी रविवारी सकाळी अकरावी-बारावीच्या दहा-बारा विद्यार्थ्यांचा जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचा वर्ग भरतो. या वर्गासाठी मी गेल्या जूनमध्ये सपुष्प वनस्पतींच्या खोडांच्या आणि मुळांच्या छेदांची कायमस्वरूपी स्लाइड्सची एक पेटी विकत घेतली. पेटीत पंचवीस स्लाइड्स आहेत आणि शहरातील शालेय प्रयोगसाहित्याच्या एका दुकानात ती मला १,६५० रुपयांना मिळाली. वर्षभर वापरल्यानंतर तिच्याविषयी लिहावे असे वाटले, कारण अशा पेट्या घेताना शिक्षक बहुधा पेटीवरील यादी वाचतात, आतला छेद कसा आहे हे दुकानात कोणी पाहू देत नाही, आणि पाहू दिले तरी तिथे सूक्ष्मदर्शक नसतो.

तुलनेसाठी माझ्याकडे आणखी एक पेटी आहे, तिचा उल्लेख आधीच करायला हवा. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी निवृत्त होण्यापूर्वी हाताने छेद घेऊन, रंगवून, बसवून तयार केलेल्या चाळीसएक स्लाइड्सची ती लाकडी पेटी. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात ती ज्या तळमजल्यावरच्या खोलीत होती तिथे पाणी शिरले. काचा आणि त्यांवरचे छेद धडधाकट राहिले, पण कागदी लेबले मात्र एकूण एक धुऊन गेली. तेव्हापासून त्या पेटीतली कोणतीही स्लाइड उचलली की ती कशाची आहे हे छेदावरूनच ओळखावे लागते.

नव्या पेटीची बाह्य मांडणी नीटनेटकी आहे. काचेच्या कडा घासलेल्या आहेत, खाचा घट्ट आहेत, आणि झाकणाच्या आत क्रमांकवार यादी आहे. दहा स्लाइड्स खोडाच्या, सात मुळांच्या, चार सुट्या ऊतींच्या आणि उरलेल्या चार विशेष रचनांच्या आहेत. सोबत चार पानांचे माहितीपत्रकही आहे. त्याच्याकडे पुढे येईन.

पेटीचे खरे बळ कोवळ्या खोडांच्या आडव्या छेदांत आहे. सूर्यफुलाच्या खोडाची स्लाइड तर शंभरपट मोठी करून पाहताना कोणत्याही विद्यार्थ्याला आवडेल अशी आहे. बाहेर रोमधारी अपित्वचा, तिच्या आत कोपऱ्यांत जाड झालेल्या भिंतींच्या स्थूलकोन ऊतींचे काही थर, मग मूल ऊतींचा पट्टा, आणि त्यानंतर एका वर्तुळात ओवल्यासारखे वाहक वृंद, म्हणजे पाणी आणि अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे. प्रत्येक वृंदाच्या डोक्यावर दृढ ऊतींची टोपी, तिच्याखाली अन्नरस वाहणारे हिरवट फ्लोएम, मग विभागून नव्या पेशी देणाऱ्या चपट्या पेशींची नाजूक पट्टी म्हणजे कँबियम, आणि आतल्या बाजूला पाणी वाहणारे, लाल रंगलेले झायलेम. मधोमध भरपूर भेंड. ‘भेंड’ हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण ज्वारीचे ताट सोलून आतले पांढरे, हलके भेंड ज्याने लहानपणी हातात धरले आहे त्याला ‘पिथ’ म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. झायलेम आणि फ्लोएम यांना कोशांत प्रकाष्ठ आणि परिकाष्ठ असे प्रतिशब्द आहेत, शाळेच्या पुस्तकांत जलवाहिन्या आणि रसवाहिन्या म्हटले जाते, पण अकरावीत गेलेली मुले झायलेम-फ्लोएमच म्हणतात. हे शब्द १८५८ साली नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने रूढ केले. त्याच वेळी त्याने विभाजनक्षम ऊतींना ‘मेरिस्टेम’ हे नाव दिले.

या स्लाइडमध्ये रंगांचे काम चोख झाले आहे. सॅफ्रानिन हे रंजक लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य) असलेल्या भिंतींना लाल करते आणि फास्ट ग्रीन सेल्युलोजच्या भिंतींना हिरवे करते. म्हणून नीट रंगवलेल्या छेदात पाणी वाहणारा आणि आधार देणारा सांगाडा लाल, तर जिवंत, मऊ भाग हिरवा दिसतो. दोन्ही रंगांचा तोल साधला नाही तर सारा छेद गुलाबी होतो आणि फ्लोएम शोधता शोधता डोळे दुखतात. या पेटीत असा बिघडलेला तोल मला तीनच स्लाइड्समध्ये आढळला. पंचवीसपैकी तीन म्हणजे वाईट नाही.

भोपळ्याच्या खोडाची स्लाइड पेटीत सर्वांत सरस आहे. त्यातील वाहक वृंदांत झायलेमच्या बाहेर आणि आत अशा दोन्ही बाजूंना फ्लोएम असते. वृंद दोन वलयांत मिळून दहा असतात आणि खोड मधून पोकळ असते. भोपळ्याच्या चाळणी नलिका, म्हणजे फ्लोएममधील अन्नरस वाहणाऱ्या नळ्या, पुष्कळ रुंद असल्यामुळे त्यांच्या टोकाच्या चाळणीसारख्या भिंती चारशेपट मोठ्या केल्यावर छिद्रांसह दिसतात. फ्लोएम म्हणजे ‘झायलेमच्या शेजारी असलेले काहीतरी’ एवढीच कल्पना असलेल्या मुलांना ती स्लाइड दाखवल्यानंतर त्यांचे प्रश्न बदलतात, हा माझा वर्षभराचा अनुभव आहे. उभ्या छेदाची स्लाइडही सोबत दिली आहे. आडवा आणि उभा छेद एकाच वनस्पतीचा मिळणे ही या किमतीच्या पेटीत दुर्मीळ गोष्ट आहे.

मक्याचे खोडही उत्तम. सर्वत्र विखुरलेले वाहक वृंद कडेला दाटीने आणि मध्याकडे विरळ असतात. प्रत्येक वृंदाभोवती दृढ ऊतींचे आवरण असते, आणि आत दोन मोठ्या वाहिन्या डोळ्यांसारख्या व त्यांच्याखाली फाटून झालेली पोकळी तोंडासारखी दिसते. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी याला ‘माकडाचा चेहरा’ म्हणत आले आहेत आणि माझे विद्यार्थीही त्याला अपवाद नाहीत.

या माकडानेच पेटीतील मोठी चूक उघडकीस आणली. अकरा क्रमांकाच्या स्लाइडवर ‘मका : मूळ’ असे लेबल होते. एकदल वनस्पतीच्या मुळात काय दिसायला हवे? झायलेम आणि फ्लोएम एकाआड एक त्रिज्यांवर, झायलेमचे गट सहापेक्षा जास्त, सर्वांत आधी तयार झालेल्या अरुंद वाहिन्या बाहेरच्या बाजूला, मध्ये भेंड, आणि या साऱ्याभोवती एंडोडर्मिस या एकपदरी थराचे स्पष्ट वलय. एका मुलीने ती स्लाइड लावली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “मॅडम, इथंपण माकडच आहे.” मी पाहिले तर खरोखरच खोडाचा छेद होता. विखुरलेले वृंद, प्रत्येकाभोवती आवरण, अरुंद वाहिन्या आतल्या बाजूला. म्हणजे पेटीत मक्याची दोन खोडे होती आणि मक्याचे मूळ एकही नव्हते.

मी स्लाइड घेऊन दुकानात गेले. दुकानदारांनी ती उजेडासमोर धरून पाहिली आणि म्हणाले, “मॅडम, लेबल आम्ही लावत नाही, पेटी अशीच सीलबंद येते. पण बदलून मागवतो.” त्यांनी बोलल्याप्रमाणे ती बदलून दिली, फक्त त्याला तीन आठवडे लागले. नवी स्लाइड खरोखरच मक्याच्या मुळाची आहे आणि चांगली आहे. त्यातील एंडोडर्मिसच्या पेशी आतून घोड्याच्या नालेसारख्या जाड झालेल्या दिसतात आणि मधूनमधून पातळ भिंतींच्या मार्गपेशीही सापडतात. दुकानाच्या सेवेबद्दल म्हणूनच माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती लेबल लावणाऱ्याने छेदाकडे एकदाही न पाहिल्याची. ज्या शिक्षकाला स्वतःला हा विषय नवा आहे, त्याच्या वर्गात ते लेबल खरे ठरून वर्षानुवर्षे तसेच राहील.

माहितीपत्रकात एंडोडर्मिसच्या पेशींवरील कास्परीची पट्टी सुबेरिन या बुचातल्या मेणचट द्रव्याची असते असे ठामपणे छापले आहे. एकोणिसाव्या शतकात कास्परी या जर्मन शास्त्रज्ञाने वर्णन केलेली ही पट्टी पाण्याला पेशींच्या भिंतींमधून आडवाटेने आत शिरू देत नाही, त्यामुळे मातीतून आलेल्या प्रत्येक क्षाराला एकदा तरी पेशीच्या जिवंत पटलातून जावेच लागते. अरॅबिडोप्सिस या वनस्पतीवर काम करणाऱ्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की तिथली ही पट्टी लिग्निनची बनलेली असते आणि सुबेरिनचा थर नंतर वेगळा चढतो. जुन्या पुस्तकांत सुबेरिन लिहिलेले सापडते हे खरे, पण आज छापलेल्या पत्रकात एक वाक्य दुरुस्त करायला काहीच हरकत नव्हती.

आता पेटीच्या खऱ्या उणिवेकडे. यादीत ‘दुय्यम वाढ’, म्हणजे खोड-मूळ जाड करणारी वाढ, या शीर्षकाखाली चार स्लाइड्स आहेत : सूर्यफुलाचे जून खोड, जून द्विदल मूळ, सागाच्या लाकडाचा आडवा छेद आणि बुचाचा थर. चारही छेद सुबक आहेत. सागाच्या छेदात हंगामाच्या सुरुवातीच्या मोठ्या वाहिन्यांची रांग आणि नंतरच्या लहान वाहिन्यांचा दाट भाग यांतून वाढीची वलये स्पष्ट दिसतात. बुचाची मृत, पोकळ पेशींची रचना पाहताना १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने याच ऊतीत पहिल्यांदा ‘सेल’ पाहिले हे सांगण्याची संधी मिळते. परंतु या चारही स्लाइड्स वाढ संपल्यानंतरच्या अवस्थेच्या आहेत. वाढ होत असताना काय घडते ते पेटीत कुठेही नाही.

उदाहरणार्थ, मुळाचेच पाहा. पेटीतल्या कोवळ्या हरभऱ्याच्या मुळात चार झायलेम गट ताऱ्यासारखे आहेत आणि त्यांच्या मधल्या खोलगट जागांत चार फ्लोएम गट आहेत. पुढच्या स्लाइडमध्ये जून मूळ आहे, त्यात जवळजवळ सर्व जागा दुय्यम झायलेमने व्यापली आहे, बाहेरून बुचाचे आवरण आले आहे, आणि मूळचा तारा मध्यभागी ठिपक्याएवढा उरला आहे. या दोन अवस्थांना जोडणारा दुवा म्हणजे नागमोडी कँबियम. ते आधी फ्लोएमच्या खालच्या पेशींत सुरू होते, मग झायलेमच्या टोकांवर असलेल्या पेरिसायकलच्या (एंडोडर्मिसच्या लगेच आतल्या थराच्या) पेशी त्याला येऊन मिळतात. त्यामुळे कँबियमची रेषा पहिल्यांदा लाटेसारखी असते. फ्लोएमखालचा भाग आधी कामाला लागल्याने तिथे आतल्या बाजूला झायलेम जास्त साठते, खोलगट जागा भरून बाहेर ढकलली जाते, आणि लाट हळूहळू वर्तुळ होते. परीक्षेत हे चार ओळींत लिहिणारी मुले पुष्कळ आहेत. ती लाट डोळ्यांनी पाहिलेली मुले फारच थोडी, आणि या पेटीनेही ती दाखवलेली नाही. जुन्या, लेबल नसलेल्या पेटीत मात्र तशा तीन स्लाइड्स आहेत.

कँबियमची पेशी विभागते तेव्हा तिची भिंत खोडाच्या पृष्ठभागाला समांतर पडते. आतली पेशी झायलेम होते किंवा बाहेरची फ्लोएम होते, आणि दुसरी कँबियमच राहते. साधारणपणे आत जास्त पेशी जातात, म्हणून लाकूड जाड आणि साल पातळ. घेर वाढत जातो तसे कँबियमलाही आपले वर्तुळ मोठे करावे लागते, त्यासाठी अधूनमधून भिंत आडवी न पडता त्रिज्येच्या दिशेने पडते. ही साधी गोष्ट मला पेटीतील कोणत्याही स्लाइडवरून समजावता आली नाही. ती समजली तासगावच्या द्राक्षबागेतून.

वर्गातील एका मुलाच्या घरी तासगाव तालुक्यात बाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर त्याने निरनिराळ्या वयाच्या काड्यांचे तुकडे आणले. आम्ही साध्या ब्लेडने छेद घेतले, सॅफ्रानिनच्या पाण्यात दोन मिनिटे ठेवले आणि ग्लिसरीनमध्ये बसवून पाहिले. छेद जाडे होते, काही तिरपे होते, तरीही हिरव्या काडीपासून तपकिरी काडीपर्यंत कँबियमचे काम पायरीपायरीने दिसले. द्राक्षाच्या खोडात रुंद वाहिन्या आणि रुंद किरण (त्रिज्येच्या दिशेने जाणाऱ्या पेशींचे पट्टे) असतात, आणि बुचाचे कँबियम बाहेरच्या थरांत न होता खोल फ्लोएममध्ये तयार होते. म्हणूनच त्याच्या बाहेरची साल मरते आणि पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. या सुट्या सालीखाली पिठ्या ढेकूण लपतो म्हणून बागायतदार ती काढून टाकतात, हे त्या मुलाला माहीत होते. साल तशी का सुटते हे त्याला त्या दिवशी कळले.

गर्डलिंगचेही तसेच. मणी फुगत असताना खोडावर किंवा काडीवर काही मिलिमीटर रुंदीचे सालीचे वलय काढतात, लाकडाला धक्का लावत नाहीत. साल काढली म्हणजे फ्लोएम गेले. पानांत तयार झालेली साखर खाली मुळांकडे उतरत नाही आणि वरच्या घडांना जास्त मिळते. झायलेम शाबूत असल्याने पाणी वर चढतच राहते. काही आठवड्यांत जखमेच्या कडांतून नवी ऊती येऊन फट बुजते आणि वाहतूक पुन्हा सुरू होते. हात जड पडून चाकू लाकडात गेला तर मात्र वेलीला भोगावे लागते. डॉगरीज या जातीच्या खुंटावर द्राक्षाचे पाचर कलम बांधताना खुंटाचा आणि डोळकाडीचा कँबियम एकमेकांना टेकवण्याची धडपडही याच पातळ थरासाठी असते. हे सारे छापील माहितीपत्रकात यावे अशी माझी अपेक्षा नाही, पण सांगलीत जी पेटी विकायची तिच्यात सूर्यफुलाच्या जोडीला एक द्राक्षाची काडी असती तर तिचे मोल वाढले असते.

उसाबद्दल मुले हमखास विचारतात, ऊस जाड होतो तो कशाने? पेटीत ऊस नाही आणि मक्यावरून उत्तर द्यावे लागते. उसाच्या वृंदांत कँबियम नसते. खोडाची जाडी शेंड्याजवळच्या विभाजी ऊतींमुळे आणि नंतर पेशी फुगण्यामुळे ठरते. एकदा पेर पक्के झाले की वर्षभर शेतात उभे राहूनही त्याचा घेर वाढत नाही. लांबी मात्र डोळा असतो त्या गाठीच्या वर असलेल्या वाढीच्या वलयातील आंतरीय विभाजी ऊतींमुळे वाढते, आणि आडवा पडलेला ऊस शेंड्याकडून पुन्हा सरळ उठतो तोही या वलयांच्या एका बाजूच्या जास्त वाढीमुळे. दोन डोळ्यांची टिपरी उभी चिरून भिंगाखाली धरली तर डोळा, मुळांच्या बुंध्यांचे ठिपके आणि त्यांच्या वरचे ते वलय हे सगळे एका नजरेत येते. हळदीचा गड्डाही आम्ही असाच कापून पाहिला, कारण जमिनीखाली आहे म्हणजे मूळच, हा समज काही जात नव्हता. पेरांच्या खुणा आणि विखुरलेले वृंद पाहिल्यावर तो गेला.

शेंड्यांच्या दोन स्लाइड्सपैकी कोलियसच्या प्ररोहाचा उभा छेद अप्रतिम आहे. घुमटाकार टोक, त्याच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर उगवणारे कोवळ्या पानांचे अंकुर, आणि थोडे खाली त्यांच्या बेचक्यांतल्या कळ्यांची सुरुवात. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड मात्र निराश करते. छेद बरोबर मधून गेलेला नाही, त्यामुळे मुळाच्या टोपीतील पेशींच्या सरळ रांगा दिसत नाहीत आणि विभाजन, लांबण, परिपक्वता या तीन पट्ट्यांची सीमा पुसट होते. ज्यांना पेशीविभाजनाच्या अवस्था दाखवायच्या आहेत त्यांनी पाण्याने भरलेल्या ग्लासवर कांदा ठेवून ताजी मुळे काढावीत आणि टोके दाबून स्लाइड करावी. त्याला खर्च जवळजवळ नाही. पार्श्वमुळाच्या उगमाची स्लाइड याच्या उलट फार चांगली निघाली. पेरिसायकलमधून निघालेले छोटे मूळ कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा जाड थर, फाडत बाहेर पडताना दिसते, आणि फांदी खोडाच्या वरच्या थरांतून उगवते तर मूळ आतून, हा फरक शब्दांविना पोहोचतो.

विशेष रचनांच्या चार स्लाइड्सबद्दल थोडक्यात : पारिजातकाच्या चौकोनी खोडाच्या कोपऱ्यांतील उलटे वाहक वृंद आणि बिग्नोनियातील फ्लोएमच्या चार पाचरी उत्तम, व्हँडा या ऑर्किडच्या हवाई मुळावरचे व्हेलामेन (ओलावा शोषणारे आवरण) ठीक, ड्रॅसीनाची स्लाइड गडद रंगल्याने निरुपयोगी. बारावीपर्यंत यांची गरजही नसते, पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला त्या उपयोगी पडतील.

आणखी एक तांत्रिक दोष सांगायला हवा, कारण तो विकत घेतल्यावरच कळतो. चार स्लाइड्सवर डीपीएक्स (छेद काचेवर कायमचा बसवणारा चिकट द्रव) जास्त पडले आहे, त्यामुळे कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, उंच बसली आहे. दहापटीच्या भिंगाखाली काहीच अडचण येत नाही, पण चाळीसपटीचे भिंग लावले की स्पष्ट चित्र मिळण्याआधीच ते काचेला टेकते. घाईने स्क्रू फिरवणाऱ्या मुलांच्या हातून अशा वेळी स्लाइड तडकते, आणि आमच्याकडे एक तडकलीही. पेटी आणल्यावर प्रत्येक स्लाइड आधी शिक्षकाने चाळीसपटीखाली लावून पाहावी आणि अशा स्लाइड्सवर खूण करून ठेवावी.

ज्या शाळेत वा वर्गात छेद घेण्याची सोय नाही, तिथे कोवळ्या खोडांसाठी आणि भोपळ्याच्या दोन स्लाइड्ससाठी ही पेटी घ्यायला मी सांगेन. खरेदीच्या वेळी स्लाइड बदलून देण्याचे मात्र दुकानदाराकडून कबूल करून घ्यावे. दुय्यम वाढ शिकवण्यासाठी ती पुरी पडणार नाही. त्यासाठी ब्लेडचे पाकीट, सॅफ्रानिनची लहान बाटली, छेद घेताना काडी धरायला गाजराचा तुकडा आणि जवळच्या बागेत ओळखीचा माणूस एवढे पुरते. पदवीच्या विभागांनी हे पैसे मायक्रोटोमच्या (पातळ छेद घेणाऱ्या यंत्राच्या) पात्यांसाठी ठेवलेले बरे.

येत्या जूनमध्ये नवे विद्यार्थी येण्यापूर्वी मी या पेटीतील सर्व लेबलांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवणार आहे आणि त्यांवर फक्त क्रमांक लिहिणार आहे. यादी माझ्या वहीत राहील, आणि अकरा क्रमांकाच्या जागी बदलून आलेल्या मुळाशेजारी ते दुसरे माकडही ठेवता आले असते तर बरे झाले असते, पण ती स्लाइड दुकानदारांनी परत घेतली.